आधी तोंड, मग हात : मराठीच्या तासाची आखणी

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी चौथीला 'समुद्रकिनारी एक दिवस' हा निबंध दिला होता. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. वर्गातल्या एकाही लेकरानं समुद्र पाहिलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही नव्हता. दुसऱ्या दिवशी बावीस वह्या आल्या. बावीसही वह्यांत लाटा फेसाळत होत्या आणि सूर्य लाल गोळ्यासारखा बुडत होता. गावात निबंधाचं एकच गाईड होतं, ते रात्रभर घरोघर फिरलं होतं.

त्याच दुपारी खिचडीच्या रांगेत त्या बावीसांतलाच एक पोरगा आदल्या रात्रीच्या जागलीची गोष्ट सांगत होता. बापासोबत वावरात मचाणावर बसलेला, हातात वाजवायला टिनाचा डबा. तुरीत काहीतरी खसफसलं. बापानं बॅटरी मारली तर समोर रोही, म्हणजे नीलगाय. "मले वाटलं घोडाच हाय," एवढं म्हणून तो थांबला. मुद्दाम थांबला. पुढची सात-आठ पोरं ताटली हातात धरून तशीच उभी. या पोराला मी सकाळीच निबंधात दहापैकी चार गुण दिले होते.

तेव्हापासून मी मराठीच्या तासाची आखणी उलट्या टोकानं करतो. लेकरं जे आधीच बोलतात तिथून सुरुवात, आणि आठवड्याच्या शेवटी त्यातलं काहीतरी कागदावर. खाली जे सांगतोय ते पहिली ते पाचवीच्या, दोन शिक्षकांच्या, दोन-तीन वर्ग एकाच खोलीत बसणाऱ्या शाळेला धरून आहे. मोठ्या शाळेत हे सोपंच जाईल.

आधी ठरवा : कोण वाचणार?

टाचण काढताना आपण सहसा पाठाचं नाव, उद्दिष्ट, कृती, स्वाध्याय असं वरून खाली लिहीत जातो. मी वहीच्या पानावर सगळ्यात आधी एकच ओळ लिहितो : या आठवड्यात पोरं काय लिहितील आणि ते कोण वाचेल. 'शिक्षक वाचतील' हे उत्तर चालत नाही. शिक्षक तपासतो, वाचत नाही. हे लेकरांना आपल्याआधी कळतं.

वाचणारे गावात भरपूर असतात. पालक सभेचं आमंत्रण पोरांनी लिहिलं तर आया वाचतात. ग्रामपंचायतीला शाळेजवळच्या हातपंपाबद्दल अर्ज लिहिला तर सरपंच वाचतात, निदान शिक्का तरी मारतात. चौथीनं लिहिलेली गोष्ट दुसरीला वाचून दाखवता येते, आणि दुसरी फार कडक श्रोता आहे, कंटाळा आला की सरळ उठून जाते. शाळेच्या भिंतीवर, पोषण आहाराच्या पाटीशेजारी, 'आजच्या भाजीबद्दल' रोज दोन ओळी लिहिण्याचं काम एका जोडीला दिलं होतं. स्वयंपाकीण बाई रोज ते वाचायच्या. एकदा 'वरण पातय (पातळ) होतं' असं आलं, तर त्या तडक वर्गात जाब विचारायला आल्या. लिहिलेल्या शब्दाचं वजन त्या दिवशी पोरांना जेवढं कळलं तेवढं माझ्या दहा तासांत कळलं नसतं.

विषय गावातला, साचा पुस्तकातला

पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. प्रत्येक पाठात एक साचा असतो : वर्णन, संवाद, पत्र, सूचना, अनुभव. तो साचा पुस्तकातून घ्यायचा आणि माल गावातून भरायचा. पुस्तकात प्रवासाचं वर्णन असेल तर आपल्याकडे बंडीतून वावरात जाणं आहे.

वर्षभराचे विषय मी हंगामावर बसवतो. आपल्याकडे विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे सुरू होते, आणि तेव्हा गावात पेरणीशिवाय दुसरी गोष्ट नसते. जुलैत डवरणी-निंदण, श्रावण संपता संपता पोळा, मग पोरींच्या गाण्यांचा भुलाबाईचा सण, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, थंडीत जागली, फाल्गुन-चैत्रात मोहफुलं आणि सकाळची शाळा. वेचणीच्या दिवसांत हजेरी गळते, हे धरूनच चालायचं. त्या काळात आठवडाभर ओढायचा उपक्रम घेत नाही, एका दिवसात संपेल असंच घेतो. आठवडी बाजाराच्या दिवशीही नवीन काही सुरू करायचं नाही, अर्धी पोरं आईच्या मागं पिशवी धरून गेलेली असतात.

बोलण्याचा तास : इथेच खरी मेहनत आहे

साधा हिशोब करून पाहा. तास 35 मिनिटांचा, पोरं 24. एकेकाला उभं करून एकेक मिनिट बोलायला लावलं तरी उठण्या-बसण्यात तास संपतो, आणि प्रत्येक लेकरू 34 मिनिटं गप्प बसतं. तेच जोड्या लावल्या तर एका वेळी बारा जण बोलतात. गोंगाट होतो. होऊ द्या. शेजारच्या वर्गातल्या मॅडमना आधी सांगून ठेवा, एवढंच.

जोडीला 'गप्पा मारा' म्हणून सोडून दिलं तर दोन मिनिटांत विषय क्रिकेटवर जातो. काम नेमकं द्यावं लागतं. माझी तीन कामं ठरलेली आहेत.

पहिलं, पाठीला पाठ. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसतात. एकाच्या हातात वस्तू असते, डवऱ्याची पास (लोखंडी पातं) किंवा कापसाचं बोंड, काहीही. तो नाव न घेता वर्णन करतो, दुसरा पाटीवर काढतो. 'असं वाकडं हाय' म्हणून चालत नाही, कारण 'असं' म्हणताना केलेला हात मागच्याला दिसत नाही. मग पोरगा शब्द शोधायला लागतो : कोयत्यासारखं वाकडं, बोटभर रुंद, एका टोकाला भोक. हे शब्द मी फळ्याच्या कडेला टिपत जातो, लिहिताना तेच कामी येतात.

दुसरं, करून सांगणं. रोडगे कसे भाजतात, पऱ्हाटीला (कपाशीला) फवारणी करताना काय काळजी घ्यायची, बैल कसा जुंपतात. ऐकणाऱ्यानं मधे फक्त 'मग?' म्हणायचं. क्रम चुकला की ऐकणाराच पकडतो. मागच्या वर्षी एक मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात अक्षर बोलली नव्हती. रोडग्यांची पाळी आली तेव्हा समोरचा मुलगा म्हणाला, कणीक भिजवली की लगेच गोवऱ्यांत टाकायची. ती एकदम म्हणाली, "वा रे वा, आर पडू दे ना आंधी!" म्हणजे आधी निखारे तर होऊ दे. मी काही बोललो नाही. शाबासकी दिली असती तर ती पुन्हा गप्प झाली असती.

तिसरं काम प्रश्नांचं, आणि ते मी भुलाबाईकडून उचललंय. भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. डबा झाकलेला, पोरी विचारतात : गोड की तिखट? कोरडं की ओलं? चुलीवरचं की बिनचुलीचं? वर्गात झाकलेल्या डब्यात मी कधी जवस ठेवतो, कधी खडू. नियम एकच, सरळ नाव घ्यायच्या आधी पाच प्रश्न विचारलेच पाहिजेत. नंतर तेच प्रश्न उलटे करून पोरं कोडं लिहितात. प्रश्न विचारता येणं हे भाषण-कौशल्यातलं सगळ्यात दुर्लक्षित अंग आहे. वर्गात प्रश्न विचारायचा हक्क आपण स्वतःकडेच ठेवलेला असतो. गाडगे महाराजांचं कीर्तन आठवा, वऱ्हाडीत लोकांना प्रश्न टाकायचे, आलेल्या उत्तरावरून पुढचा प्रश्न. शिक्षकानं ते जमवलं तर उत्तमच, पण पोरांनीही जमवायला हवं.

पोळ्याच्या आठवड्यात मात्र मी हे काही करत नाही, तेव्हा झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायच्या यमकी ओळी. तोरणाखाली उभं राहून म्हणतात त्या झडत्या पोरांना ऐकून पाठ असतात, आणि शेवटचं 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' तर सगळं गाव एका सुरात म्हणतं. यमक, दमसास, आवाज कुठं उचलायचा, लोकांनी साथ कधी द्यायची, सगळं एका झडतीत आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या पोरांनी स्वतःची चार ओळींची झडती म्हणायची, असा आमच्या शाळेचा शिरस्ता. विषय कोणताही : गळकं छप्पर, उशिरा येणारी बस, सरांची फटफटी. झडतीत टोमणा चालतो. माझ्या फटफटीवर आजवर चार झाल्या, एकही छापण्याजोगी नाही. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या शिक्षकांजवळ दंडार या लोकनाट्यासारखा खजिना आहे, त्यांनी तो वापरावा.

वऱ्हाडी चूक नाही, पहिला खर्डा आहे

यावरून माझी दोन केंद्रप्रमुखांशी वादावादी झालेली आहे. लेकरू 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यलो' म्हणालं की लगेच 'मला म्हण' असं टोकलं तर ते पुढचं वाक्य बोलतच नाही. बोलताना टोकायचं नाही, हा माझ्या वर्गाचा नियम. सुधारणा होते ती फळ्यावर, आणि ती सगळे मिळून करतात.

जागलीची गोष्ट पुढे मी पाठ म्हणूनच घेतली. त्या पोरानं सांगितलं ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं :

बापानं बॅटरी मारली तं रोही उभा. मले वाटलं घोडाच हाय.

त्याखाली वर्गानं मिळून पुस्तकी भाषेत केलं :

वडिलांनी बॅटरीचा उजेड टाकला तर समोर रोही उभा होता. मला वाटलं, घोडाच आहे.

विचारलं, कोणतं बरं? तिसरीतली एक म्हणाली, "दुसरं वाचून भेव नाही लागत, सर." बरोबर होतं तिचं. 'बॅटरी मारली' मध्ये झटका आहे, 'उजेड टाकला' मध्ये नाही. बराच वेळ चर्चा होऊन असं ठरलं की गोष्टीत माणूस बोलतो तेव्हा त्याची भाषा ठेवायची, मधलं सांगणं पुस्तकी भाषेत करायचं, आणि 'बॅटरी मारली' मात्र कुणी काही म्हटलं तरी ठेवायचं. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा अर्ज लिहिताना हीच पोरं आपण होऊन म्हणाली, इथं वऱ्हाडी नको. कुठं कोणती भाषा, हे शिकवून येत नाही, दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसतं.

शुद्धलेखनाच्या बऱ्याच चुकाही या बोलीतूनच येतात, निष्काळजीपणातून नाही. वऱ्हाडीत 'ळ' चा 'य' होतो आणि 'ण' चा 'न'. म्हणून पोरगं 'शाया', 'डोया', 'पानी' लिहितं. त्यानं ऐकलं तेच लिहिलंय. त्याला नियम उघड सांगा : आपण 'य' म्हणतो तिथं पुस्तक कधीकधी 'ळ' लिहितं. शाळा, डोळा, केळी, काळा, फळा अशी यादी भिंतीवर लावा आणि नवा शब्द सापडला की पोरांनाच वाढवू द्या. पहिल्या आठवड्यात दोघांनी 'गाय' ची 'गाळ' केली होती. घाबरू नका, तेही नियम शिकत असल्याचंच लक्षण आहे, पंधरा दिवसांत जातं.

कोलामांच्या पोडावर (वस्तीवर), गोंड गावात किंवा बंजारा तांड्यावर शाळा असेल तर वऱ्हाडीसुद्धा परकी असते. कोलामी आणि गोंडी तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत, द्राविडी आहेत. तिथं पहिलं बोलणं घरच्या भाषेतच होऊ द्या. वरच्या वर्गातलं एखादं लेकरू दुभाषा म्हणून बसवा, आणि तुम्हीही रोज दोन शब्द त्यांच्याकडून शिका. मास्तर चुकतो हे पाहून पहिलीतली पोरं धीट होतात.

लिहिण्याचा तास : सांगणारा आणि लिहिणारा

सोमवारी-मंगळवारी बोलणं झालं की बुधवारी लिहिणं. कोरं पान समोर ठेवून 'लिहा' म्हणायचं नाही. आधी प्रत्येकानं आपल्या जोडीदाराला एकच वाक्य सांगायचं : माझी गोष्ट कशानं सुरू होते. 'मी सकाळी लवकर उठलो' ला आमच्याकडे बंदी आहे. मग बारा मिनिटं शांत लेखन. चौथीला बारा पुरतात. मीही त्या बारा मिनिटांत खुर्चीवर बसून लिहितो, आणि माझंही वाचून दाखवतो.

पहिली-दुसरी सोबत असेल तर त्यांना अनुलेखनाला जुंपून ठेवायचा मोह होतो. त्यापेक्षा दुसरीतलं लेकरू सांगेल आणि चौथीतलं लिहील अशी जोडी लावा. सांगणाऱ्याचा एकही शब्द बदलायचा नाही, कळलं नाही तर विचारायचं. शेवटी लहानग्याला वाचून दाखवायचं आणि 'असंच म्हणालास ना?' विचारायचं. 'नाही, मी बकरी म्हणलं होतं' असं आलं की खोडून पुन्हा लिहायचं. ही रीत आपल्या भागाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून विचारून लिहून काढल्या. लीळाचरित्र असंच उभं राहिलं. चौथीला हे सांगितलं की लिहिणाऱ्यांची मान थोडी ताठ होते.

दुरुस्ती : एका वेळी एकच

लाल पेनानं भरलेलं पान पोरगं वाचत नाही, मिटतं. गुरुवारी मी फक्त मजकुरावर बोलतो, आणि तेही एकाच प्रश्नातून : इथं मला दिसलं नाही, तुला काय दिसलं होतं? 'आम्ही घाबरलो' एवढंच लिहिलेल्या पोरानं या प्रश्नावर 'माह्या हातातला डबा आपोआप वाजून राह्यला होता' असं सांगितलं. लिही हेच, म्हटलं.

शुद्धलेखनाचा आठवड्याला एकच नियम. त्या आठवड्यात फक्त त्याच चुका शोधायच्या, बाकीच्या दिसल्या तरी सोडायच्या. सुरुवात शेवटच्या अक्षरापासून करा : मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी-उकार दीर्घ, 'आणि', 'परंतु' सारखे मोजके अपवाद सोडून. एवढ्या एका नियमानं पान बरंच स्वच्छ होतं. मग 'विहीर' पण 'विहिरीत', 'फूल' पण 'फुलाला' हा पुढचा टप्पा. अनुस्वार मी सगळ्यात शेवटी घेतो, कारण 'केलं-केले' चा गुंता आमच्यासारख्या मोठ्यांनाही सुटलेला नाही.

शुक्रवार : मोठ्यानं

लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय आठवडा संपत नाही. सगळ्यांनी वाचायचं नाही, पाच जण पुरे, बाकीचे पुढच्या शुक्रवारी. उभं राहायचं ते वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे आवाज आपोआप चढतो. ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही. 'मला अमुक वाक्य आठवतं' असं म्हणून ते वाक्य सांगायचं. ज्याचं वाक्य कुणालाच आठवलं नाही त्याला काय झालं ते कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

नोंद

2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आकारिकच्या, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत 'तोंडी काम' स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि पहिली-दुसरीला आकारिकचं वजन 70 टक्के, तिसरी-चौथीला 60 टक्के ठेवलं होतं. तरी बहुतेक वर्गांत तोंडी काम म्हणजे कविता म्हणून दाखवणं. माझ्या नोंदवहीत एकेका लेकराचं एकेक पान आहे. रोज फक्त तिघांकडे लक्ष, म्हणजे आठ दिवसांत 24 जण होतात. 'बोलण्यात प्रगती' असलं काही लिहीत नाही. लेकरू जे बोललं तेच तारखेसह लिहितो. जुलैत 'हो' आणि 'नाही', नोव्हेंबरात 'आर पडू दे ना आंधी'. सत्राअखेर वर्णनात्मक नोंदी लिहायला बसलं की हे पान पुरतं, आणि पालकांना दाखवलं तर त्यांनाही समजतं.

आठवडा मोडतोच

कधी प्रशिक्षण निघतं, कधी निवडणुकीचं काम, कधी दुसरे शिक्षक रजेवर आणि पाचही वर्ग एका खोलीत. अशा दिवशी काय सोडायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी दुरुस्तीचा दिवस सोडतो. बोलणं सोडत नाही, आणि शुक्रवारचं वाचन तर नाहीच.

जागलीच्या आठवड्याचं तसंच झालं होतं, गुरुवार बुडाला. तरी पोरांनी पानं शिवून वही केली आणि ती रोज एकाच्या घरी जायला लागली. आठव्या दिवशी परत आली तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर कुणाच्या तरी आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं : 'रोही नव्हता. त्या राती मी बी धुऱ्यावर होतो. सांबर होतं.' पोरानं ते तीनदा वाचलं, मग माझ्याकडे कागद मागितला.